पडद्यावरचा पांढरा ठिपका

समस्त वाचकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, भीमेच्या दोन्ही काठांच्या संयुक्त फौजांनी बिबट्याविरुद्ध उघडलेल्या हवाई मोहिमेचा मी साक्षीदार आहे. साक्षीदार कसला, सरसेनापतीच! कृपया उभे राहावे. बसलात तरी चालेल.

माझी नोकरी हवाई टेहळणीचे फोटो वाचण्याची. मित्रदेशांबरोबर सराव असला की भाषा प्रत्येकाची वेगळी, म्हणून पद्धत सगळ्यांची एकच. आधी काय दिसतं ते सांगायचं, मग ते काय वाटतं, मग खात्री किती. दोन देशांच्या दोघांनी एकमेकांशी न बोलता तोच फोटो बघायचा. दोघांचं जुळेपर्यंत ‘लक्ष्य’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, कारण खाली आपलंच माणूस असू शकतं.

निवृत्तीनंतर वडगाव रासाईच्या मळ्यात राहायला आलो. थोड्याच दिवसांत बायको गेली. मुलगी परदेशात. सवय तेवढी राहिली. पाण्याच्या टाकीवर चढलो की मी स्वतःच्याच घराची टेहळणी करतो. दोरीवर एक लेंगा, एक बनियन. दारात चपलांचा एक जोड. रहिवासी : एक. खात्री : पूर्ण. हा अहवाल मी मांजराला देतो. तेही माझं नाही.

त्यामुळे सरपंचांचा फोन आला तेव्हा मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पहाटेच हजर! उसात बिबट्या होता, कालच शेळी नेली होती. यवतहून ड्रोनवाला आला होता. त्याच्या कॅमेऱ्यात थंड ऊस काळा दिसे आणि अंगात ऊब असलेलं सगळं पांढरं. नदीपलीकडून दौंडची मंडळी सुतळी बॉम्ब घेऊन आली होती.

उसाच्या कडेला एक पांढरा ठिपका दिसला. हलत नव्हता.

“त्योच हाय!” आमचा काठ ओरडला.

“मादी हाय. पोटुशी,” दौंडच्या काठानं भर घातली.

पाटसच्या एका पाहुण्यानं काडेपेटी काढली.

“थांबा!” मी हात पसरले. “काय हाय ते नको. काय दिसतंय ते बोला.”

“फौजी, तुमचं बोलून हुईस्तवर त्यो जेवून जाईल की!”

तरी मी दोन्ही काठांचा एकेक माणूस निवडला आणि आळीपाळीनं पडद्यासमोर बसवला. पहिला म्हणाला, “गाठोडं.” दुसरा म्हणाला, “गाठोडं. पर एक बारकं टिंब हाय. वर जातंय, चमकतंय, खाली येतंय.”

ड्रोन जरा खाली आणला. टिंब पुन्हा वर गेलं, चमकलं.

“आयला, बिबट्या बिडी वढतो व्हय?” कोणीतरी म्हणालं. काडेपेटी मुकाट खिशात गेली.

आम्ही सगळेच तिकडे धावलो. घोंगडी पांघरून बांधावर आबा बसले होते. शेजारच्या मळ्यातले, कानानं अधू, पोरं पुण्यात. पंपाच्या मोटारीला लाईट रात्रीचीच, म्हणून उसाला सोडलेलं पाणी सरीच्या टोकाला पोचायची वाट बघत होते. डोक्यावर ड्रोन गुणगुणत होता, तोही त्यांना ऐकू येत नव्हता.

दोन्ही काठांच्या फौजा काठ्यांसह भोवती उभ्या राहिल्या. आबांनी तोंडातली बिडी काढली, एकेकाचा चेहरा निरखला आणि एकदम म्हणाले,

“मी मेलो का काय रं? एवढी मान्सं आल्यात!”