डोणीतले मासे आणि वरचा पालक

मी वाचायला शिकले ती शाळेच्या पुस्तकांवर नाही, पत्रकांवर. आमचे आप्पा निपाणीतल्या एका छापखान्यात मशीनवर होते. शाई जास्त लागलेली, तिरकी उमटलेली, फाटलेली पत्रकं ते घरी आणत. त्यांची कोरी बाजू माझ्या अभ्यासाला लागे आणि छापलेली बाजू माझ्या डोक्यात भरे. मोर्चाचं पत्रक, कुस्त्यांचं पत्रक, बुद्धजयंतीचं पत्रक, निवडणुकीत एकमेकांना खोटं पाडणारी दोन पत्रकं, सगळी मी सारख्याच निष्ठेनं वाचली. 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं.

त्या गठ्ठ्यात एकदा शेतकऱ्यांसाठी छापलेलं एक पत्रक आलं. तळ्यात मासे पाळा, माशांच्या घाणीनं कसदार झालेलं पाणी भाजीला घाला, असं त्यात चित्रासकट लिहिलं होतं. मला ते मिळमिळीत वाटलं, कारण त्यात शत्रूच नव्हता. फळीवरच्या पसाऱ्यात मी ते खाली सारून दिलं.

ते पुन्हा वर काढलं, मी कॉलेजात असताना, आक्कामुळं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. चिकोडीकडं दिलेली. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात तिचं मूल गेलं होतं. दुसऱ्या खेपेला तिच्या नवऱ्यानं तिला लवकरच माहेरी आणून सोडलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि आईला म्हणाल्या, "अंगात रक्त नाही. हिरवी पालेभाजी रोज, मासे, अंडी. नाहीतर या खेपेलाही मी काही सांगू शकत नाही."

वाटेत आई मला म्हणाली, "रोज पालेभाजी. ह्या उन्हाळ्यात!"

तिचं बरोबर होतं. आमच्या गल्लीला एक नळ. तो दिवसाआड यायचा, आणि त्या पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब बायकांच्या डोक्यात असायचा. अंगणात भाजी लावायची म्हणजे पिण्याचं पाणी मातीत ओतायचं. बाजारात पेंढी यायची ती दुपारपर्यंत मरगळून जायची, आणि आई तंबाखूच्या वखारीतून सुटायची दिवस कलल्यावर.

तेव्हा मला ते पत्रक आठवलं. मी आप्पांना म्हटलं, "पाणी जमिनीत मुरू दिलंच नाही तर? माशांचं पाणी वर खडीत ओतायचं, खडीत भाजी लावायची, आणि निथळलेलं पाणी परत माशांकडं."

आप्पांनी पत्रक उलटसुलट बघितलं. "हे छापलं आम्हीच," ते म्हणाले, "पण वाचलं न्हवतं."

सामान सगळं टाकाऊ. जुन्या गाडीतळावर बैलांना पाणी पाजायची एक दगडी डोण पडून होती. ट्रका आल्यापासून तिथं बैल थांबत नव्हते, आणि डोणीचा एक कोपरा फुटला होता. आप्पा आणि त्यांचे दोन सोबती ती छापखान्याच्या हातगाडीवर घालून घेऊन आले. कुणाच्या तरी ओट्याचं उरलेलं सिमेंट मागून कोपरा बुजवला. गोडेतेलाचं एक रिकामं पिंप लोहाराकडून उभं चिरून घेतलं आणि राखेनं घासघासून त्याचा तेलकटपणा काढला. त्यातला अर्धा भाग डोणीच्या वर विटा रचून आडवा ठेवला. त्यात खडी आणि फुटक्या कौलांचे तुकडे भरले. पिंपाच्या बुडाला भोक पाडून निथळायला नळी हवी होती. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सलाईनची टाकून दिलेली नळी दिली. आईनं ती चुलीवर उकळून घेतली.

शेजारच्या घरातल्या अज्जी हे सगळं उंबऱ्यावर बसून बघत होत्या. त्यांची बोली कानडी, पण आमच्याशी मराठीत बोलायच्या.

"यव्वा, ह्या डोनीला आता बैल कुठनं आननार?"

"मासे पाळणार, अज्जी."

"मानसाला पानी न्हाय आनि माशाला डोन भरून? लई मोठी मानसं गं तुम्ही!"

मी त्यांना पाणी कसं फिरणार ते सांगितलं. वरून खाली, खालून वर, तेच पाणी.

अज्जींनी मान डोलावली. "तर मग ते आमच्या वॉर्डातल्या मेंबराच्या बोलन्यागत झालं. तेच ते फिरून येतंय."

मासे आणायचं काम मामाकडं गेलं. मामा कोगनोळीचा. दूधगंगेत गळ टाकून बसण्यात त्याचा जन्म गेला असं आई म्हणायची. त्यानं छोटे चिलापी मासे झाकणाच्या डब्यात घालून, डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला. नाक्यावर पोलिसानं त्याला अडवलं होतं. आमच्या अंगणात बसून मामानं ते साभिनय सांगितलं.

"मला म्हनतोय, डब्यात काय हाय? म्हटलं, मासं. म्हनतोय, जितं मासं कोन नेतंय रं? दारू असनार. उघड! उघडलं की. एका माशानं अशी उडी घेतली, सायबाची सदऱ्याची बाही भिजली. मला म्हनतोय, जा बाबा, तुझी वरात घिऊन जा!"

त्या दिवशी आक्का पहिल्यांदा मोकळी हसली. माहेरी आल्यापासून ती भिंतीला टेकून बसायची, पोटावर हात ठेवून, जणू आतल्याला कुणी ओढून नेईल. तिला जड उचलायची बंदी होती. पण डोणीतून लहान डब्यानं पाणी घ्यायचं आणि वरच्या खडीत ओतायचं हे काम हलकं होतं. ते तिनं मागून घेतलं. सकाळी आणि उन्हं उतरल्यावर ती पाटावर बसून पाणी फिरवायची. नळीतून धार परत डोणीत पडली की मासे तिच्याभोवती गोळा व्हायचे. ती त्यांना भाताची शितं घालायची आणि त्यांच्याशी बोलायची. काय बोलायची ते मी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतंच.

पहिले काही आठवडे पालक पिवळाच राहिला. मामा म्हणाला, "माशाला जरा घान करू द्या की! आत्ताच पावनं आल्यात, लाजत असतील." मग पानं एकाएकी गडद झाली. पालकामागून माठ आला. कडेला अज्जींनी अळूचा कांदा खोचला. उन्हानं आटेल तेवढंच, तांब्या-दोन तांबे नवं पाणी घालावं लागायचं. आक्काच्या ताटात रोज हिरवं दिसू लागलं, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असंच चालू दे."

आणि मग मावा पडला.

पालकाच्या पानांच्या पाठीला ते बारीक किडे चिकटले. आमच्या भागात त्याला एकच औषध, आणि ते शिकवावं लागत नाही. तंबाखूच्या काड्या रात्रभर पाण्यात भिजवायच्या आणि ते काळपट पाणी पानांवर शिंपडायचं. मिरचीवर तेच, वांग्यावर तेच, परसातल्या शेवग्यावरही तेच. वखारीतल्या काड्या प्रत्येक घरात असायच्याच. मी कॉलेजला, आई वखारीत. आक्कानं काड्या भिजवल्या आणि सकाळी एकेक पान उलटं करून, मन लावून, ते पाणी शिंपडलं. मग रोजच्यासारखं डोणीतलं पाणी वर फिरवलं.

खडीतून ते सगळं धुऊन खाली माशांत उतरलं.

मी दुपारी परत आले तेव्हा मासे पांढऱ्या पोटांनी वर तरंगत होते. आक्का पाटावरच बसली होती, डबा मांडीत धरून. माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझ्या हाताला यशच न्हाय गं. मी सांभाळलेलं जगत न्हाय."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या धाकानं चार घास गिळले. बाजारातली मरगळलेली पेंढी आणून, शिजवून पुढ्यात ठेवली तर ताट सरकवलं. डॉक्टरीणबाईंचं वाक्य आमच्या सगळ्यांच्या डोक्यात होतं, फक्त कुणी उच्चारत नव्हतं.

मला मात्र उच्चारायला पुष्कळ होतं. मी अंगणात उभी राहून बोलायला लागले. या गावात तंबाखू माणसाच्या फुफ्फुसात आहे, बायकांच्या केसांत आहे, लुगड्यांत आहे, आता माशांच्या कल्ल्यांतही गेली. वखारवाले बंगले बांधतात आणि हात धुवायला एक नळ देत नाहीत. यातलं एक अक्षर आजही मागं घ्यायची माझी तयारी नाही. पण आई वखारीतून येऊन दारात उभी होती. भुकटीनं तिच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या.

"झालं भाषन?" ती म्हणाली. "मग आता पानी उपस."

आम्ही डोण उपसली. दूषित पाणी गटारीत गेलं. पालक उपटून टाकला, खडी काढून पसरली. आता डोण पुन्हा भरायची तर घागरीवर घागर पाणी लागणार होतं आणि नळ तर आमच्या वाट्याला दोनच घागरी देत होता. मी कुणाकडं मागायला गेले नाही. मागायचं कसं हेच मला कळत नव्हतं. मागण्या करणं तेवढं येत होतं.

दुसऱ्या सकाळी नळ आला. अज्जी आपली भरलेली कळशी घेऊन घराकडं वळल्या नाहीत, आमच्या अंगणात आल्या आणि खडीवर ओतून म्हणाल्या, "घासा." त्यांच्या मागून समोरच्या घरातली सून आली. मग आईबरोबर वखारीत बसणाऱ्या बायका, एकेक करून, डोक्यावर हंडा, काखेत कळशी. त्या दिवशी कितीजणींच्या घरी अंघोळी झाल्या नाहीत ते मला माहीत नाही. खडी धुवून झाली, डोण घासून झाली, ती भरली तेव्हा नळ गेला होता. कुणी उपकाराची गोष्ट काढली नाही. एकजण आक्काकडं बघून एवढंच म्हणाली, "तुझ्या हाताला काय झालंय? आमच्यातलं कुनीबी तेच केलं असतं की."

मामा पुन्हा मासे घेऊन आला. म्हणाला, पोलीस आता सलाम ठोकतोय.

नवा पालक वर आला तरी आक्का पाटावर बसेना. पाणी आईच फिरवायची, वखारीत जायच्या आधी.

मग मी एक पत्रक लिहिलं. पुठ्ठ्यावर, मोठ्या अक्षरांत. 'बंधू-भगिनींनो! तंबाखूचे विष आपल्या घरादारात शिरले आहे. या डोणीतील मुक्या जिवांची हाक ऐका...' असं पुठ्ठा संपेपर्यंत. डोणीच्या वर भिंतीला लावलं. अज्जी येऊन खाली उभ्या राहिल्या. त्यांना थोडं कानडी वाचता यायचं, मराठी नाही.

"काय लिव्हलंयस?"

मी वाचून दाखवायला लागले. अर्ध्यावर आले असेन, तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. आक्का दारात उभी होती. एक हात चौकटीला, एक पोटाला, आणि हसून हसून तिला बोलता येत नव्हतं.

"अगं बाई, तुझं हे वाचून हुस्तवर मासं म्हातारं हुतील," ती म्हणाली. "हात धुवा म्हनायचंय न्हवं? मग हात धुवा म्हन की!"

तिनं पुठ्ठा काढायला लावला. मी उलट्या बाजूला लिहिलं, 'आधी हात धुवा.' अज्जी म्हणाल्या, "आनि कानडीत कोन लिव्हनार?" कानडी मला शाळेपुरती येत होती. मी खाली कानडीत लिहिलं. मराठीसाठी मोर्चे काढणाऱ्या कॉलेजातल्या मित्रांनी नंतर त्यावरून मला पुष्कळ चिडवलं. त्यांना डोणीपाशी आणून अज्जींसमोर उभं केलं की गप्प व्हायचे.

आक्कानं दारातली बादली ओढली, साबणाचा तुकडा घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग पाटावर बसली. मासे नवे होते, तिला ओळखत नव्हते. जरा वेळ खाली खोल राहिले. शितं पडली तसे वर आले.

त्या संध्याकाळी तिनं पालक खाल्ला. पुढं मामानं नदीतून आणलेल्या माशांचं कालवणही खाल्लं. डोणीतल्यांना मात्र कुणाला हात लावू दिला नाही. "ते कामाला हायेत," म्हणायची.

दिवस भरले आणि सरकारी दवाखान्यात तिला मुलगी झाली. रडली ती एवढ्या जोरात की बाहेर बाकावर बसलेल्या मामानं मला कोपरानं ढोसलं. "ही तुझ्यावर गेली बघ. आल्या आल्या भाषन!"

आम्ही बाळाला घरी आणलं त्या संध्याकाळी वखार सुटल्यावर बायका बघायला आल्या. थेट कामावरून, पदराला, केसांना भुकटी लागलेली. आई त्यांना थांबा म्हणणार होती. पण कुणी उंबरा ओलांडलाच नाही. एकामागून एक त्या डोणीशी ठेवलेल्या बादलीपाशी वाकल्या, हात धुतले, तोंडं धुतली, ओल्या हातांनी पदर झटकला, आणि मगच आत आल्या. त्यातल्या बहुतेकींना पुठ्ठ्यावरचं एक अक्षरही वाचता येत नव्हतं.

त्यानंतर मी बरीच पत्रकं लिहिली. वखारीच्या दारात हात धुवायला नळ हवा, हे त्यातलं पहिलं. त्यात मी 'बंधू-भगिनींनो' लिहिलं नाही. भाची आता शाळेत जाते. आजोळी आली की डोणीपाशी धावते, आणि मागून आक्काची हाक येते, "हात, गं!"