साहेबाच्या बायकोचं नाव काय?

बायका एका जागी वाचायला बसल्या की किस्से साठतातच. आमच्या किश्श्यांत मात्र हसू कमी, संताप जास्त! गाव जुन्नर तालुक्यातलं. वाचनालयात बुधवारची दुपार आम्हा बायकांची. मी चौथी पास, पण आवाज दणदणीत, म्हणून वाचून दाखवायचं काम माझं. कपाटात कुणी दान दिलेली इंग्रज साहेबांची मराठीतली चरित्रं.

*

पहिलं चरित्र इंजिन बनवणाऱ्या साहेबाचं. तो काय खायचा, कुत्र्याला काय हाक मारायचा, सगळं लिहिलेलं. मग आलं, ‘पत्नीने त्यांना मोलाची साथ दिली.’

शांताआत्या म्हणाल्या, “आगं, नाव काय तिचं?”

पुढं-मागं चाळलं. न्हाईच! कुत्र्याचं होतं!

आत्याच समजूत काढायला लागल्या, “आसंल बाई. त्यांच्यात बी नवरा-बायको नाव घेत नसतील.”

माझं डोकं फिरलं. “आवो आत्या, नवऱ्याचं ऱ्हाऊ द्या. लिवणाऱ्याला कसली लाज?”

*

दुसरा साहेब आकाशातले तारे शोधायचा. थंडीत कुडकुडत सगळं टिपून घ्यायची त्याची बहीण. पुस्तकात तिचं नाव? ‘भगिनी’!

शिनोली माहेर असलेली कमल फाडकन बोलली, “माझा भाऊ बी लग्नपत्रिकेत आसंच छापतो. समस्त भगिनी वर्ग!”

*

एकच पुस्तक बाईचं होतं. लढाईत जखमी शिपायांची सेवा करणाऱ्या नर्सचं. ते वाचनालयाच्या चेअरमननी घरी नेलं ते नेलंच. मी मागायला गेले तर टीव्ही हलतो म्हणून त्याच्या खाली सारलेलं! एक बाई पुस्तकात आली, तर तिच्या डोक्यावर टीव्ही!

चेअरमनची बायको म्हणाली, “मी धरते टीव्ही, तुमी वढा.” पुढच्या बुधवारी ती स्वतःच ऐकायला आली.

*

मग चेअरमननी मीटिंग बोलावली. पोरांच्या कॅरमला जागा पाहिजे म्हणे. “इंग्रजांच्या बायकांची नावं हुडकून काय करायचंय तुमाला? बुधवार बंद!”

मी उठले. “चेअरमन, आदी सगळ्यांदेखत आपल्या मंडळींचं नाव घ्या. मग करा बंद!”

गडीमाणसं खिदळली. “घ्या की राव!”

चेअरमननी टोपी सारखी केली. “घेतो की! भितो काय? सुनंदा!”

त्यांची बायको दारात उभी होती.

“ते तुमी लग्नात ठेवलेलं,” ती म्हणाली. “माझं सांगा.”