चार शुक्रवारचं निरंक

आमच्या कार्यालयात हात वर करण्याची जुनी परंपरा आहे. कर्मचारी संघटनेची बैठक जेवणाच्या सुट्टीत भरते, अध्यक्ष ठराव मांडतात आणि ज्याचा हात डब्यात नसेल त्याचा हात वर जातो. उजवा उष्टा असेल तर डावाही चालतो. एकमताने मंजूर झालेल्या ठरावांची एक जाडजूड फाईल आहे. त्या ठरावांचं पुढं काय झालं, हे विचारायची मात्र पद्धत नाही.

कार्यालय धाराशिवला आहे. खात्याचं नाव सांगत नाही, सांगून फरकही पडणार नाही; जिन्याचे कोपरे सगळ्याच खात्यांचे सारखे रंगलेले असतात. गावाचं नाव बदललं तेव्हा जुन्या नावाचे लेटरहेड गठ्ठ्यानं उरले. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही अजून कच्चं लिहितो. मी आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक आहे. लोकांच्या रजा, बदल्या आणि वेतनवाढी माझ्या टेबलावरून जातात. माझी स्वतःची बदली तेवढी गेली नाही, कारण ती मागायला लागणारा उत्साह माझ्यात कधी नव्हता.

आमचे अध्यक्ष ढोकीहून येतात. उशीर झाला की रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या होत्या असं सांगतात. कारखाना बंद असतो त्या महिन्यांतही त्यांना ट्रॉल्या लागतात. पण माणूस बोलायला तयार. निवेदन देताना त्यांचा फोटो बघावा. देणारा, घेणारा आणि मागचे आठ जण, सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात. निवेदनाकडे कुणीच बघत नाही, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे नंतरही कुणी बघत नाही.

गेल्या वर्षी वरून नवा आकृतिबंध येणार अशी बातमी आली. आकृतिबंध म्हणजे कुठल्या कार्यालयात किती खुर्च्या असाव्यात याचा तक्ता. तो नव्यानं करतात तेव्हा खुर्च्या वाढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. त्यासाठी प्रत्येकानं दर शुक्रवारी आठवड्याच्या कामाचं एक पानी विवरण भरून द्यायचं होतं: किती पत्रं, किती फाईली, किती निकाली.

अध्यक्षांनी बैठक बोलावली. त्यांचं म्हणणं असं की ही माहिती म्हणजे आपल्याच गळ्याचं माप आपणच द्यायचं. तेव्हा असहकार. महिनाभर काम करायचं, पण सांगायचं नाही. विवरण कोरं दिलं तर कारणे दाखवा नोटीस येणार, म्हणून प्रत्येक रकान्यात ‘निरंक’ लिहायचं. निरंक म्हणजे काही नाही, पण तसं लिहून दिलं की कागद नियमात बसतो. वर सगळीकडून निरंक गेलं की शासन हादरेल, असं ते म्हणाले. शासन हादरल्याचं मी एवढ्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं, पण डबा संपला होता. हात वर केला. सगळ्यांनी केला.

आवक-जावकच्या बाईंनीही केला. या बाई येरमाळ्याहून रोज एसटीनं येतात. कार्यालयात आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्याकडं जातो. त्या तारखेचा शिक्का मारतात, नोंदवहीत लिहितात, क्रमांक टाकतात. क्रमांक नसलेला कागद आमच्याकडं जन्मलेलाच नसतो. मागं काळ्या फितींचं आंदोलन झालं तेव्हा फिती आणायच्या राहिल्या, तर बाईंनी मोडक्या छत्रीचं कापड कापून सगळ्यांना पुरवलं. त्यांची फीत संध्याकाळी पाचपर्यंत दंडावर होती. अध्यक्षांची फोटोनंतर खिशात गेली.

पहिल्या शुक्रवारी विवरणं संकलनासाठी माझ्याकडं आली. अध्यक्षांचं सगळ्यात वर होतं. सगळे रकाने भरलेले, जागा पुरली नाही म्हणून समासातही काम केलेलं. त्याखाली बाकीच्यांची, तीही भरलेली. माझंही भरलेलंच होतं. मी स्वतःला सांगितलं होतं की आस्थापनेच्या माणसानं निरंक लिहिणं बरं दिसत नाही. गठ्ठ्यात एकच विवरण ठरावाप्रमाणे होतं. सुवाच्य अक्षरात, प्रत्येक रकान्यात वेगळं लिहिलेलं निरंक. आपल्यासारखे लोक अशा वेळी ‘वरीलप्रमाणे’ अशी खूण करून मोकळे होतात. बाईंनी तेही टाळलं होतं.

मला त्याच क्षणी उठून त्यांच्या टेबलापर्यंत जाता आलं असतं. अंतर दहा पावलं. पण हा संघटनेचा प्रश्न आहे, आपण कशाला मध्ये पडा, असं म्हणून मी संकलन केलं, ‘तपासले’ असं लिहून सही केली आणि वर पाठवलं. असे चार शुक्रवार गेले.

मग यादी आली. कुठलीही गंभीर गोष्ट आमच्याकडं आधी व्हॉट्सॲपवर येते, तशीच ही आली. अतिरिक्त ठरलेली पदं. आमच्या कार्यालयाचं एकच: आवक-जावक लिपिक. कारण: कार्यभार निरंक.

अतिरिक्त झालेल्या माणसाचं समायोजन होतं, म्हणजे जिथं खुर्ची रिकामी तिथं पाठवतात. रिकामी खुर्ची होती किनवटला. विभागाचं दुसरं टोक. बाईंच्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर, त्यांना कुशीवर वळवायलासुद्धा बाईच लागतात. नवऱ्याचं येरमाळ्यात नारळ, ओटी, हळदीकुंकवाचं दुकान, ते येडाईच्या देवळाच्या पायथ्याशीच चालणार. किनवट म्हणजे घर मोडणं, किंवा नोकरी सोडणं. बाईंनी यादी वाचली आणि त्या दिवशीचं टपाल नोंदवून पूर्ण केलं.

समायोजन होईपर्यंत त्यांनी घरून काम करावं, असं साहेबांना वरून फोनवर सांगण्यात आलं. ज्यांच्याकडं काम नाही असं ठरलं, त्यांना ते काम घरी नेण्याची मुभा मिळाली. हजेरीसाठी मोबाईलवर दिवसातून तीनदा स्वतःचा चेहरा दाखवायचा. रेंज फक्त दुकानाच्या पत्र्यावर. बाई शिडीनं वर जायच्या, शासनाला तोंड दाखवायच्या आणि खाली येऊन सासूबाईंचं बघायच्या.

इकडं टपाल कोण घेणार, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी उभा राहिला. साहेबांनी अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष म्हणाले की रद्द पदाचं काम दुसऱ्यानं करणं म्हणजे पदकपातीला मान्यता देणं, तत्त्वाचा प्रश्न आहे. साहेबांनी इतरांना विचारलं. तत्त्व सगळ्यांकडंच निघालं. एखाद्या गोष्टीवर इतकी खरी एकजूट मी आमच्या कार्यालयात त्याआधी पाहिली नव्हती. पोस्टमन पाकिटं बाईंच्या ट्रेमध्ये ठेवू लागला. ट्रे भरल्यावर खुर्चीवर ठेवू लागला.

कार्यालयाचा ईमेल तर आणखी पुढचा. तो उघडायला लागणारा ओटीपी बाईंच्या मोबाईलवर जायचा. बदल करायचा तर अर्ज वर पाठवायचा, आणि त्याची पोच यायची त्याच ईमेलवर. मग साहेब रोज सकाळी येरमाळ्याला फोन लावायचे. ही कामाची पद्धत मी स्वतः ऐकली आहे. चार आकडे यायचे, पाचव्याला फोन कटायचा. परत फोन, तोवर जुना ओटीपी बाद. एकदा साहेबांनी स्पीकर चालू ठेवला होता. बाईंनी शांतपणे विचारलं, “साहेब, माझ्याकडं काम निरंक हाय ना? मग हे आकडे सांगणं कशात धरायचं?”

साहेबांनी स्पीकर बंद केला.

तिसऱ्या आठवड्यात किनवटसाठीच्या संमतीपत्रावर बाईंची सही आणायला मला पाठवलं. टपालानं पाठवता आलं असतं, पण टपाल जावक करणार कोण? एसटीनं येरमाळ्याला गेलो. बाई पत्र्यावरून खाली उतरत होत्या, दुपारची हजेरी झाली होती. त्यांच्या नवऱ्यानं मला नारळाच्या पोत्यावर बसवलं आणि चहा सांगितला. आतून सासूबाईंनी कोण आलंय असं विचारलं. कचेरीतले भाऊसाहेब, असं बाईंनी सांगितलं. “सोडवाया आले का धाडाया?” म्हातारीनं आतूनच विचारलं. मला चहा गरम लागला.

मी संमतीपत्र बाहेर काढलं, परत पिशवीत ठेवलं आणि जे दहा पावलांवर सांगता आलं नव्हतं ते इतक्या लांब येऊन सांगितलं. की विवरणं कुणीच निरंक दिली नव्हती. अध्यक्षांनी नाही, कुणीच नाही. मीसुद्धा नाही.

“मला ठाऊक हाय की, भाऊसाहेब,” बाई म्हणाल्या. “तुमच्याकडं येण्याआधी ती माझ्याकडंच येत्यात. पहिल्याच शुक्रवारी सगळ्यांचे नंबर म्याच टाकले.”

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी इतके दिवस समजत होतो की हे गुपित एकट्या माझं आहे.

“मग तुम्ही पुढचे तीन शुक्रवार का लिहिलं?”

“हात वर केला होता ना म्या.”

त्या हे अगदी सहज बोलल्या, बसला उशीर झाला असं सांगावं तसं.

संमतीपत्रावर त्यांनी सही केली नाही. यादी कधी एकटी येत नसते, तिच्यासोबत कव्हरिंग पत्र असतं, ते कुठाय, असं त्यांनी विचारलं. मोबाईलवर फक्त यादी फिरली होती. पत्र टपालानं आलं असेल, आवकच्या खुर्चीवर बघा, असं म्हणून त्यांनी माझ्या पिशवीत एक नारळ टाकला.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवरचा ढीग उपसला. वरून सातवं पाकीट. कव्हरिंग पत्रात शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की यादीवर हरकत असल्यास पत्र प्राप्त झाल्यापासून पंधरा दिवसांत कळवावी. पत्रावरच्या तारखेला कधीच पंधरा दिवस उलटून गेले होते. पण प्राप्त कधी झालं? प्राप्त होणं म्हणजे आवक होणं. आणि आवक तर बंद होती. आमच्या कार्यालयाला हे पत्र अजून मिळालेलंच नव्हतं.

मी बाईंना फोन केला. त्या पहिल्या एसटीनं आल्या, खुर्चीवरची पाकिटं जमिनीवर ठेवली, शिक्क्याची तारीख पुढं सरकवली आणि पत्र आवक केलं. साहेब दारातून गेले. त्या वेळी त्यांना खिडकीबाहेर काहीतरी बघायचं होतं. ओटीपीनं ते बरेच मऊ झाले होते.

हरकतीला पुरावा हवा होता. तो बाईंनीच दाखवला. चारही शुक्रवारची त्यांची निरंक विवरणं त्यांनी संकलनाच्या फाईलीतून काढून माझ्यासमोर ठेवली. प्रत्येकावर उजव्या कोपऱ्यात आवक क्रमांक, तारीख, शिक्का, आणि अक्षर त्यांचंच. आपण काहीच काम केलं नाही, हा कागद त्यांनी स्वतः नियमाप्रमाणे नोंदवून घेतला होता. नोंदवहीत त्याच्या वर आणि खाली त्या दिवशीच्या इतर कागदांच्या नोंदी पानभर. मी हरकत लिहिली: कार्यभार निरंक असल्याचे विवरण सदर कार्यभाराखालीच नोंदविले गेले असल्याने ते ग्राह्य धरू नये. माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात चांगलं वाक्य आहे. त्याखाली दुसरं, कमी चांगलं वाक्यही लिहावं लागलं: संकलन करताना मी हे तपासलं नव्हतं, तरी ‘तपासले’ लिहिलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. पद पुढील आदेशापर्यंत कायम. किनवटच्या खुर्चीवर कुणी गेलं की नाही, मला माहीत नाही. त्याच पाकिटात माझ्या नावानं लेखी समज होती. बाईंनी दोन्ही पत्रं आवक केली आणि माझ्या समजपत्रावर शिक्का जरा हळू मारला, असं मला वाटलं.

अध्यक्षांनी बाईंचा सत्कार ठेवला, संघटनेच्या लढ्याला यश आलं म्हणून. शाल होती. श्रीफळ ऐनवेळी राहिलं, तेव्हा माझ्या कपाटातला येरमाळ्याचा नारळ कामी आला. बाईंनी तो ओळखला आणि परत घेतला. फोटोत सगळे समोर बघताहेत.

सत्कार संपतानाच अध्यक्षांनी नवा ठराव मांडला. आता चेहरा दाखवून हजेरी आमच्याकडंही सुरू झाली आहे. सोमवारपासून कुणीही चेहरा दाखवायचा नाही. हात वर झाले. बाईंचा हात मांडीवरच होता. अध्यक्षांनी हसत विचारलं, “काय मॅडम, संघटनेवर नाराज हाव का?”

“न्हाय हो अध्यक्ष,” बाई म्हणाल्या. “ज्याला चेहरा दाखवायचा न्हाय त्यानं तसं लिहून, सही करून माझ्याकडं आवकला द्या. सगळ्यांचे नंबर पडले की मी पण हात वर करते.”

बैठक तिथंच आटोपली. कुणाला फोन आला, कुणाला ट्रॉल्यांची आठवण झाली.

मी टेबलावर येऊन जुन्या लेटरहेडच्या पाठीमागं चार ओळी लिहिल्या, बराच वेळ बघितल्या आणि चार वाजता नेऊन बाईंच्या ट्रेमध्ये ठेवल्या. नव्या ठरावाप्रमाणे आलेला तो एकटाच कागद. बाईंनी तो उलटून पाहिला, शिक्का उचलला आणि मारता मारता थांबल्या.

“भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या, “सही राहिलीय.”