शवपेटीवरचं चुकीचं चिन्ह

मंडळी, आज माझ्याकडून एक चूक झाली.

विंडसरला मी काम करते त्या प्रिंटिंगच्या दुकानात काल मिगेल नावाचा एक ग्राहक आला. त्याचा भाऊ वारलाय. शवपेटीवर घालायला मेक्सिकोतल्या त्यांच्या गावाचं चिन्ह कापडावर छापून हवं होतं. मी ते नगरपालिकेच्या वेबसाइटवरून घेतलं, तीनदा तपासलं. आईने घरी शिकवताना लावलेली सवय.

आज कापड पाहून तो हळूच म्हणाला, "मिस, हे नव्या महापौराचं चिन्ह. महापौर बदलला की तेही बदलतं. गावाचं वेगळं आहे, डोंगर आणि मक्याचं कणीस."

"लगेच परत छापते ना!"

"पेटी आत्ताच गावी निघतेय." त्याने तेच कापड घडी करून घेतलं. "भाऊ सहा वर्षं घरी गेला नव्हता. हे चिन्ह त्याने पाहिलेलंच नाही."

मी वेबसाइट तीनदा तपासली, मिगेलला एकदाही विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतं का?