चौकशीच्या खिडकीतली प्रेमिला

नागपूरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत प्रेमिला गजभिये सात वर्षं बसत होती. वय एकेचाळीस, लग्न झालेलं नाही. वडील गेले, भाऊ नोकरीसाठी भिलाईला गेला आणि तिकडचाच झाला. इंदोरा वस्तीतल्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची.

लोक गाड्यांच्या वेळा विचारायचेच, पण दसऱ्यापासून पुढे, उन्हाचा ताप उतरून संध्याकाळ जरा सुसह्य झाली की दुसराच प्रश्न यायचा. ‘‘बाई, गाडीले टाईम हाय. तवरिक कुठं फिरून येऊ?’’

प्रेमिला न अडखळता सांगे. नाटक पाहायचं असेल तर आधी तिकीट काढून ठेवा, मग बर्डीवर बाजारात चक्कर मारा. लेकरं असतील तर महाराजबाग, पण अंधार पडायच्या आत. कोजागिरीला फुटाळा तलाव सोडू नका, काठावर मसाला दूध मिळतं.

यातलं तिनं स्वतः पाहिलेलं फारच थोडं. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि तेव्हापासून दीक्षाभूमीला ती दरवर्षी जायची. बाकीचं शहर तिला प्रवाशांकडूनच कळलेलं. कुणी परतताना खिडकीशी थांबून सांगे, नाटक झकास होतं. ते ती लक्षात ठेवी आणि पुढच्याला सांगे.

अठ्ठ्याहत्तरच्या कोजागिरीला साडेपाचच्या सुमारास काटोलची एक म्हातारी खिडकीशी आली. नाव अंजनाबाई. रामदासपेठेत डॉक्टरला गुडघे दाखवून आली होती. काटोलची गाडी रात्री नऊला होती.

‘‘नऊ वाजेलोक मी काय करू वं बाई इथं?’’

प्रेमिलानं फुटाळ्याचं सांगितलं.

‘‘मले रस्ता नाही माहीत. तुही डूटी कधी सुटते?’’

‘‘सहाले.’’

‘‘मंग तू चाल ना माह्यासंगं.’’

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. घरी कुणी वाट पाहत नव्हतं, तरी तिच्या तोंडून ‘‘घरी काम हाय’’ निघून गेलं. म्हातारी बाकावर जाऊन बसली. सहाला खिडकी बंद करून प्रेमिला बाहेर आली, फाटकापर्यंत गेली आणि परत फिरली. ‘‘चला मावशी.’’

सायकलरिक्षानं त्या तलावावर पोचल्या तेव्हा चंद्र झाडांच्या वर आला होता. काठानं सतरंज्या पसरल्या होत्या, स्टोव्ह फरफरत होते, पातेल्यांत दूध आटत होतं. पण जो तो आपल्या घरून आणलेलं दूध आटवत होता. विकणारा एकही नव्हता. प्रेमिलानं काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं.

‘‘तुले कोनं सांगितलं होतं वं दुधाचं?’’

‘‘एका प्रवाशानं.’’ तिचा चेहरा उतरला. ‘‘मी सात वर्षांपासून सगळ्याइले सांगून राहिली.’’

‘‘म्हंजे तू कधी आलीच नाही इथं?’’

‘‘नाही.’’

‘‘काहून?’’

प्रेमिला पाण्याकडे पाहत म्हणाली, ‘‘कोनासंगं येऊ, मावशी?’’

अंजनाबाई गुडघे धरत उठली आणि जवळच्या सतरंजीवरच्या मंडळींना सरळ म्हणाली, ‘‘आम्ही दोघी जनी हावो. घोट घोट दूध द्या ना बाप्पा.’’ प्रेमिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या घरच्या सुनेनं हसत दोन पेले भरून दिले. केशर नव्हतं, साखर जास्त झाली होती. प्रेमिला ते अगदी सावकाश प्यायली.

‘‘माहा मालक गेला त दोन वर्सं मी देवळातही नाही गेली,’’ अंजनाबाई म्हणाली. ‘‘लोक काय म्हनतीन! मंग एक दिवस गेली. कोनं पाह्यलंबी नाही. एकटी बाई बसली म्हनून तलाव काय आटून जाते?’’

दोघी स्टँडवर परतल्या. नऊला गाडी सुटली. संत्र्याच्या बहारात काटोलला ये, असं गाडीच्या खिडकीतून अंजनाबाईनं दोनदा सांगितलं. पत्ता मात्र ना हिनं विचारला, ना तिनं दिला.

पुढच्या शनिवारी प्रेमिला एकटीच फुटाळ्यावर गेली. काठावर माणसं तुरळक होती. फुटाणेवाल्यानं विचारलं, ‘‘किती पुड्या देऊ, बाई?’’ ती म्हणाली, ‘‘एक.’’ अर्धा तास बसली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. लोक पाहतील याची भीती वाटत होती, मग आता कुणी पाहत नाही याचं वाईट का वाटतंय, हे तिला उमगेना. डोळे भरून आले, तेही कुणी पाहिलं नाही.

तरी ती जात राहिली. कधी तलावावर, कधी नाटकाला, मागच्या रांगेत कडेची खुर्ची धरून. खिडकीत तिचं बोलणं बदललं. फुटाळ्यावर दूध मिळत नाही, घरून न्या, असं ती सांगू लागली. आणि एखादी एकटी बाई समोर आली की आवाज खाली आणून म्हणे, ‘‘जा ताई. रस्त्याच्या बाजूनं बसा, तिथं दिवा हाय. रिक्षावाल्याले थांबवून ठेवा. आठच्या आत परत या.’’

काटोलच्या गाडीच्या रांगेत ती दोन-तीन वर्षं अंजनाबाईला शोधत राहिली. म्हातारी पुन्हा दिसली नाही.