पान चारवरची साइट

किस्से कुणी जमवत नाही, ते साठतात. पाण्याच्या टाकीत गाळ साठतो तसे. टाकी धुवायला काढली की कळतं किती होता! मला रोज चार ओळी लिहायची सवय. परवा वह्या चाळल्या तर ऑफिसचाच गाळ जास्त निघाला.

ऑफिस नगरला, सावेडीत, दोन खोल्यांचं. आमचं टूल, म्हणजे सॉफ्टवेअर, बांधकाम तपासणीचं. कुठल्या साइटवर स्लॅबचं लोखंड बघायचं, कुठं पाया, कधी, ही वेळापत्रकं त्यात असतात. ठिकाणाचं नाव दिलं की तिथल्याच तपासण्या गाळून समोर येतात. दुसऱ्यांच्या ॲपनी ही माहिती आमच्याकडून कशी मागायची, त्या ठरलेल्या रीतीला एपीआय म्हणतात. आमची प्रोग्रामर प्राची ती रीत कोडमध्ये बसवते, मी कागदावर उतरवतो, म्हणजे डॉक्युमेंटेशन लिहितो. कॉलेजात हे शिकलेलो नाही. विचारत, खोडत, पुन्हा लिहीत शिकलो.

*

टूल सुरू झालं त्या आठवड्यातला पहिला फोन रावसाहेबांचा. क्लायंटकडचे तपासणी इंजिनियर, साठीच्या पुढचे, वर्षाच्या करारावर. आपल्याकडे कोण शहराचं पूर्ण नाव घेतं? त्यांनी ठिकाणात नुसतं ‘नगर’ टाकलं. टूलनं गणेशनगर, साईनगर, शिवाजीनगर, जिल्ह्यात जिथं जिथं नगर तिथली यादी त्यांच्यापुढं ओतली!

रावसाहेब म्हणाले, “मॅडम, येवढी नगरं एका दिवसात कशी व्हायची? माझ्याकडं स्कूटर हाय, इमान न्हाई!”

प्राची पुण्याची. तिनं तक्रारीच्या रजिस्टरमध्ये जसंच्या तसं लिहिलं : ‘तक्रारदाराकडे इमान नाही.’

त्यांना विमान म्हणायचं होतं, हे मी संध्याकाळी समजावलं. खोडायला मात्र ती अजून तयार नाही!

*

पुढच्या महिन्यात प्राची दोन दिवस नीट जेवली नाही.

“काका, एका तारखेला सगळीकडून रिकामा कंस येतोय, आत एकही तपासणी नाही. नागापूर रिकामं, कोपरगाव रिकामं, राहुरी रिकामं. मागच्या महिन्यातही एक दिवस असाच होता. कुठंतरी मोठा बग आहे.”

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिच्या टेबलावर ठेवलं.

“अमावास्या आहे. गवंडी सुट्टीवर!”

डॉक्युमेंटेशनमध्ये तेव्हा मी एक ओळ वाढवली : ‘अमावास्येला उत्तर रिकामं आल्यास घाबरू नये.’

*

यानंतरचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. रावसाहेबांच्या लागोपाठ दोन तपासण्या चुकल्या, दोन्ही कोपरगावच्या. लोखंड बांधून तयार, माणसं सावलीत बसून, आणि इंजिनियरचा पत्ता नाही. क्लायंटच्या मॅनेजरनी त्यांना बजावलं, “तिसरी चुकली तर पुढचा करार विसरा.”

मी त्यांच्या शेजारी बसून त्यांनी काय टाइप केलं ते अक्षर अक्षर तपासलं. त्यांनी लिहिलं होतं ‘कोपरगाव’. ठेकेदारानं साइट नोंदवली होती ‘कोपरगांव’, डोक्यावर टिंब देऊन. टूलला ती दोन वेगळी गावं वाटली!

“बगा,” रावसाहेब म्हणाले, “टिंब त्यानी दिलं, अन् शून्य माझ्या नावावर पडलं!”

प्राचीनं त्याच दिवशी दुरुस्ती केली. मी मॅनेजरना पत्र लिहिलं. उत्तर आलं, ‘महिनाअखेर बघू.’

रावसाहेबांचा पडद्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. “मला कागद द्या. घरी बसलो तर गुडघे बी बसतील वो माजे. आता एक बी सुटू द्यायची न्हाई.”

ठिकाण कसं टाकायचं ते तरी कागदावर दिसेल म्हणून मी डॉक्युमेंटेशनची प्रिंट काढून, शिवून त्यांच्या हातात दिली.

*

तर त्या कागदाच्या पान चारवर एक नमुना होता. ठिकाण दिल्यावर उत्तर कसं येतं, ते दाखवणारा. नमुन्याला पत्ता लागतो. दुसऱ्याचा कशाला वापरा म्हणून मी सावेडीतल्या माझ्याच घराचा घातला. तारीख शिळी नको म्हणून येणारा सोमवार. वेळ सकाळी दहा, तपासणी स्लॅबची. वर ‘नमुना’ असं लिहिलंही होतं, जरा बारीक अक्षरात.

सोमवारी दहाला बेल वाजली. दारात रावसाहेब, हातात टेप, काखेत माझाच कागद.

“नागापूरचं उरकून आलो. उशीर न्हाई ना झाला? कुठाय स्लॅब?”

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला ‘नमुना’ म्हणवेना. मी गच्चीचा जिना दाखवला.

*

महिनाअखेर मॅनेजर आमच्या ऑफिसात आले. रावसाहेब कोपऱ्यातल्या खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून. प्राचीनं त्यांच्या नावाची यादी काढली. कोपरगावच्या त्या दोन सोडल्या तर एकही चुकलेली नाही. उलट एक जास्तच!

“ही सावेडीची साइट आपली नाही,” मॅनेजर म्हणाले. “कुठून आली?”

“यादीत न्हवती, म्हनून मीच नोंद केली. कागदात हाय साहेब. पान चार.”

मॅनेजरनी पान चार उघडलं. वाचलं. माझ्याकडे बघितलं. मग पडद्यावरचा शेरा मोठ्यानं वाचला, “‘गच्चीचा उतार उलटा. पाणी जिन्याकडे येते. मालक आठ वर्षे पोती टाकतात. मालक समजूतदार. फेरतपासणी आवश्यक.’”

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि रावसाहेबांच्या पुढच्या कराराच्या कागदावर सही केली.

ते गेल्यावर मी म्हणालो, “प्राची, ते पान चार आजच बदलू या.”

“थांबा काका,” ती म्हणाली, “फेरतपासणी बाकी आहे. आधी गच्चीचा उतार तर सरळ होऊ द्या!”