वलीभाईच्या खडूचा आकडा

अकोल्याच्या जुन्या शहरात वलीभाईचं काँप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बाप घड्याळजी. खोललेल्या प्रत्येक भागावर खडूने आकडा टाकायची बापाची सवय लेकाने काँप्युटरलाही लावली. आकडा चुकत नाही, माणूस चुकतो, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

यंदाच्या गारपिटीत त्याच्या ओळखीच्या किसनरावाचा हरभरा झोपला, तेव्हा वलीभाईनेच शेतात जाऊन फोटो काढले. "नांगरा खुशाल, फोटो माह्याजवळ हायेत," म्हणाला. किसनरावाने नांगरून टाकलं. नुकसानीचा तेवढाच पुरावा, आणि भरपाईच्या अर्जाला तो जोडायची मुदत आज पाचपर्यंत.

नेमकं आजच सकाळी या शहाण्याने फोटो स्वच्छ दिसावेत म्हणून जुनं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि मशीन ज्यावर चाले त्या लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, टाकला. स्क्रीन काळी ठिक्कर पडली.

मशीनमध्ये भंगारातून आणलेल्या दोन हार्डडिस्क होत्या. खडूने '१' लिहिलेली लिनक्सची, '२' लिहिलेली फोटोंची. लिनक्सला जागं करणारे बूट लोडरही दोन, एकीवर ग्रब, दुसरीवर लिलो. ग्रबमध्ये ड्रायव्हरची ओळ बदलून पाहिली, काही नाही. मग मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्कांचा क्रम उलटा करून लिलोकडून मशीन सुरू केलं. तरी अंधारच. डिस्क काढून शेजारच्या दुकानात न्यावी, हे सुचलं नाही असं नाही. पण वलीचं मशीन दुसऱ्याच्या दारात? मेला असता तरी नसतं नेलं.

चारला किसनराव येऊन बाकावर बसला.

"झालं काय, वलीभाई?"

"करूनच राहिलो. दहा मिनिटं."

आता एकच उपाय, लिनक्स नव्याने टाकायचं. त्याने सीडी घातली. साध्या अक्षरांत प्रश्न आला, पहिली डिस्क पुसू का? वलीभाईने खडूचा एक पाहिला आणि हो म्हटलं. क्रम उलटा केल्यापासून मशीनच्या लेखी पहिली डिस्क ती नव्हतीच, फोटोंची होती, हे तो साफ विसरला.

पावणेपाचला स्क्रीन उजळली. किसनराव हरखून उठला. "दिसून राहिलं ना!"

वलीभाई फोटो शोधत राहिला. डिस्क जळाली म्हणावं, याला काय कळणार, असंही क्षणभर मनात आलं.

"किसनराव, फोटो मीच पुसले. माह्याच हातानं."

"मंग चाल ना वावरात, दुसरे काढून दे," किसनराव म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच उमगलं. तो परत बाकावर बसला.